शुभवर्तमानं साक्षीदाराच्या जबाबासारखी कशी वाचायची

आधी बायबल बाजूला ठेवा. घरातल्या दोन मोठ्या माणसांना वेगवेगळं गाठा आणि विचारा की किल्लारीचा भूकंप झाला त्या रात्री काय काय झालं होतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आसपास, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. जे सांगतील ते जसंच्या तसं लिहून घ्या, मध्ये बोलू नका.

आम्ही मूळचे सोलापूरचे, त्यामुळे मी हे पप्पांना आणि आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, मांडणीवरची सगळी भांडी धडाधड खाली आली आणि आजीने ओरडून आम्हाला बाहेर काढलं. पप्पा म्हणाले, भांडी पडलेली काही आठवत नाही, आजोबांनी हाताला धरून ओढलं आणि बाहेर आल्यावर बघतो तर एका पायात माझी चप्पल आणि दुसऱ्या पायात शेजाऱ्यांच्या पोराची. कुणी उठवलं यावर दोघांचं आजही जुळत नाही, समोरासमोर बसवलं तर भांडतात. पण रात्र तीच, सगळी गल्ली सकाळपर्यंत रस्त्यावर बसून होती हे दोघं सांगतात, आणि घरात परत जायला आजी सगळ्यात शेवटी तयार झाली हेही दोघं सांगतात. आता मला सांगा, यावरून कुणी म्हणेल का की भूकंप झालाच नाही?

येशूला वधस्तंभावर दिलं ते इसवी सन ३० किंवा ३३ ला, आणि मार्कचं शुभवर्तमान (शुभवर्तमानं म्हणजे बायबलमधली येशूची चार चरित्रं: मत्तय, मार्क, लूक, योहान) बहुतेक अभ्यासक ७० च्या आसपासचं धरतात. म्हणजे मधलं अंतर साधारण किल्लारी ते आज एवढंच, फार तर थोडं जास्त. एवढ्या वर्षांत माणूस काय विसरतो आणि काय विसरत नाही हे आपल्याला घरच्या घरीच तपासता येतं, म्हणून हा उद्योग आधी करायला सांगितला.

मी तालुका कोर्टात एका वकिलांकडे कारकून आहे, जबाब टाइप करण्यात वीस वर्षं गेली, आणि रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुण संघाचा बायबल अभ्यास घेतो. हे दोन्ही एकत्र करायची बुद्धी मला उशिराच सुचली, ती पण फजिती झाल्यावर. एकदा वर्गात जोरात सांगत होतो की बाराच्या बारा प्रेषितांनी, म्हणजे येशूने निवडलेल्या शिष्यांनी, साक्षीसाठी जीव दिला, खोट्यासाठी कोण मरेल वगैरे, आणि लॉ करणारी एक मुलगी शांतपणे म्हणाली, दादा, मत्तय कुठे मेला आणि ते कुणी लिहून ठेवलंय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून मी काय करतो ते खाली लिहितोय, तुम्हाला जमेल तसं वापरा.

पेन्सिल घ्या, समासात खुणा करा

पहिला प्रश्न कायम एकच, हे कोण सांगतंय आणि त्याला कसं कळलं. मी समासात तीन अक्षरं लिहितो. "प्र" म्हणजे प्रत्यक्ष पाहिलेलं, "ऐ" म्हणजे दुसऱ्याकडून ऐकलेलं, आणि तिसरं "क" म्हणजे लिहिणाऱ्याची स्वतःची कॉमेंट. जिथे कळतच नाही तिथे प्रश्नचिन्ह, आणि ते काढायला लाजू नका.

लूकपासून सुरुवात करा, कारण तो पहिल्या चार ओळींतच सरळ सांगून टाकतो की मी स्वतः पाहिलेलं नाही, सुरुवातीपासून प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी जे आमच्या हवाली केलं ते नीट शोध घेऊन, थियफिल, तुमच्यासाठी लिहून काढतोय. म्हणजे आपल्या भाषेत तपास अधिकारी, साक्षीदार नाही. मार्कबद्दल दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा हिरापलीचा बिशप पापियास सांगतो की तो येशूचा प्रमुख शिष्य पेत्र याचा दुभाषी होता, पेत्राकडून ऐकलेलं त्याने अचूक लिहिलं पण क्रमाने नाही. योहानाच्या पुस्तकात मात्र दोन ठिकाणी, १९:३५ ला (म्हणजे अध्याय १९, ओवी ३५) आणि २१:२४ ला, पाहणाऱ्याची साक्ष आहे असा थेट दावा येतो. आणि एक गोष्ट मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर उद्या यूट्यूबवर कुणीतरी सांगेल आणि धक्का बसेल: चारही पुस्तकांच्या आतल्या मजकुरात लेखकाने स्वतःचं नाव कुठे लिहिलेलं नाही. वरची "मत्तयकृत", "मार्ककृत" ही शीर्षकं मंडळीच्या परंपरेतून आली, आणि चारही नावं एकत्र ठामपणे मांडणारा बिशप इरेनियस तर साधारण १८० चा.

प्रश्नचिन्ह कुठे येतं ते बघा. गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करतो, शिष्य झोपलेले, मग ते शब्द ऐकले कुणी? रोमी सुभेदार पिलात आत वाड्यात येशूशी बोलतो तेव्हा शिष्यांपैकी आत कोण होतं? याला उत्तरं असू शकतात, पण मजकूर देत नाही, तेव्हा आपण पदरची घालू नयेत. साक्षीदार बोलला नाही ते कारकुनाने टाइप करायचं नसतं, आमच्या धंद्यातला हा पहिला धडा आहे.

सगळ्यात जुना कागद आधी उघडा

बहुतेक लोक शुभवर्तमानांपासून सुरू करतात, मी पौलाच्या पत्रापासून करतो (हा आधी मंडळीचा वैरी, नंतर प्रेषित), कारण ते आधीचं आहे. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १५, ओवी ३ ते ८. पत्र साधारण ५३ ते ५५ मधलं. त्यात तो म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं, आणि मग यादी येते: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला, म्हणजे पेत्राला, दिसला, मग बारा जणांना, मग एकाच वेळी पाचशेहून जास्त बंधूंना ज्यांच्यातले बरेच अजून हयात आहेत, मग याकोबाला, मग सगळ्या प्रेषितांना, आणि शेवटी मला.

वाक्यांची ठेवण बघा, पाठांतराची आहे, म्हणजे पौलाने ही ओळ बसून रचलेली नाही, त्याला ती तयार मिळाली. कधी मिळाली? गलतीकरांच्या पत्राचा पहिला अध्याय शेजारी उघडा. तिथे तो सांगतो की माझं जीवन बदललं त्यानंतर तीन वर्षांनी मी यरुशलेमला गेलो, केफाकडे पंधरा दिवस राहिलो, आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. यादीतली दोन नावं, दोघांना हा माणूस स्वतः भेटलेला. पंधरा दिवस म्हणजे चांगला पाहुणचार झाला, तेवढ्यात माणसाला विचारायचं ते सगळं विचारून होतं. ही ओळ घटनेनंतर काही वर्षांतच तयार झालेली होती हे येशूच्या पुनरुत्थानावर विश्वास नसलेले बरेच अभ्यासकही मान्य करतात, त्यामुळे "शंभर वर्षांनी कुणीतरी रचलं" ही तक्रार इथे टिकत नाही.

माझ्या मते सगळ्या पुराव्यात हे पान सगळ्यात वजनदार आहे. बाकी कशाला वेळ मिळाला नाही तरी चालेल, एक रविवार फक्त या सहा ओव्यांना द्या.

चार रकाने

आता वहीचं मधलं जोडपान उघडून चार रकाने आखा: मत्तय २८, मार्क १६, लूक २४, योहान २०. पहाटे कबरेपाशी कोण गेलं, तिथे कोण दिसलं, त्यांनी परत येऊन कुणाला सांगितलं, एवढेच प्रश्न. मुलांनी स्वतः भरायचं, तुम्ही गप्प बसायचं.

भरल्यावर असं दिसेल. मत्तयात दोन मरीया. मार्कात त्या दोघी आणि सलोमे. लूकमध्ये सलोमे नाही, योहान्ना आहे, शिवाय "इतर स्त्रिया". योहानात एकटी मग्दालीया मरीया, पण ती धावत येऊन म्हणते की त्याला कुठे ठेवलंय ते "आम्हाला" माहीत नाही, म्हणजे एकटी नसावी. मार्कात एक तरुण बसलेला, मत्तयात एक देवदूत, लूकमध्ये दोन पुरुष, योहानात दोन देवदूत. मार्कमधल्या बायका घाबरून कुणाला काही सांगत नाहीत, मत्तयातल्या आनंदाने धावत सुटतात.

इथे दोन चुका होतात. एकजण म्हणतो, बघा सगळं खोटं. दुसरा, आणि हा आपल्यातलाच असतो, लगेच चारही घेऊन असं काही शिवायला बसतो की पाचवीच गोष्ट तयार होते जी चौघांपैकी कुणीच सांगितलेली नाही. दोन्ही नको. कोर्टात किरकोळ तफावतीवर साक्ष सहसा पडत नाही, आणि एक गोष्ट खोटी निघाली म्हणून साक्षीदाराचं सगळंच खोटं हा नियम तर आपल्याकडची कोर्टं मानतच नाहीत, भुसा वेगळा काढून दाणे ठेवता येतात का हे बघतात. उलट तीन साक्षीदार पोपटासारखं एकच बोलायला लागले की न्यायाधीश चष्म्यावरून बघतात, कारण ते पढवलेले असतात.

पण, आणि हा पण मोठा आहे, पहिली तीन शुभवर्तमानं खरोखरच बऱ्याच ठिकाणी शब्दाला शब्द सारखी आहेत. मार्क १३:१४ काढा आणि मत्तय २४:१५ काढा. येशू तोंडाने बोलतोय, शिष्य ऐकतायत, आणि मध्येच दोन्हीकडे कंसातल्यासारखं येतं की *वाचणाऱ्याने* हे समजून घ्यावं. ऐकणाऱ्याने नाही, वाचणाऱ्याने! ही लिहिणाऱ्याची टीप आहे, आणि ती दोन्हीकडे त्याच जागी आहे. आमच्या ऑफिसात तीन जबाबांत एकाच जागी एकच स्पेलिंगची चूक असली की कुणी कुणाचं कॉपी-पेस्ट केलं ते लगेच कळतं, तसंच हे. मत्तय आणि लूक यांच्यासमोर मार्क होता असं बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा तिघांत सारखं आहे म्हणून "तीन साक्षीदार" असं मोजू नका, तो एकच धरा, आणि जिथे ते वेगळे होतात तिथे कान टवकारा.

न ठरवता जुळलेलं शोधा

हा माझा आवडता भाग आणि मुलांनाही यात शेरलॉक होम्सचा फील येतो. ठरवून जुळवलेलं समोर दिसतं, न ठरवता जुळलेलं शोधावं लागतं.

पाच हजारांना जेवण दिलं ती गोष्ट घ्या. योहान ६ मध्ये येशू फिलिप्पाला विचारतो की यांच्यासाठी भाकरी कुठून विकत आणायच्या. फिलिप्पालाच का? पेत्र नाही, यहूदा नाही ज्याच्याकडे पैशांची पिशवी असायची, एरवी फारसा न बोलणारा फिलिप्प. योहान कारण देत नाही. आता लूक ९:१० बघा, तो सांगतो की हे बेथसैदा गावाजवळ झालं, पण लूकच्या गोष्टीत फिलिप्प नाहीये. आणि फिलिप्प बेथसैदाचा हे कुठे येतं? योहान १:४४ ला, पाच अध्याय आधी, भलत्याच संदर्भात. म्हणजे गावच्याच माणसाला विचारलं, इथे दुकान कुठेय. दोन पुस्तकांतले तीन तुकडे, एकाही लेखकाने जोडून दाखवलेले नाहीत.

त्याच गोष्टीत मार्क ६:३९ म्हणतो लोकांना *हिरव्या* गवतावर बसवलं. आपल्याला हिरवं गवत म्हटलं की आषाढ-श्रावण आठवतो, पण तिकडे पाऊस हिवाळ्यात, गवत हिरवं असतं ते वसंतात, उन्हाळा लागला की करपून जातं. आणि योहान ६:४ सहज बोलून जातो की यहूद्यांचा वल्हांडण सण जवळ आला होता, म्हणजे मार्च-एप्रिल. मार्कला तारीख माहीत नाही, योहानाला गवताचा रंग माहीत नाही.

नावंही बघा. वधस्तंभ उचलायला लावलेला शिमोन कुरेनेकर, तो पहिल्या तिन्ही शुभवर्तमानांत आहे, पण फक्त मार्क सांगतो की हा आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप. एखाद्याची ओळख पोरांच्या नावाने कधी करून देतात? ऐकणारे पोरांना ओळखत असतील तेव्हा. अरे, आपल्या अमक्याचे वडील, असं.

यातलं एकेक पाहिलं तर योगायोग म्हणता येईल, आणि त्याने चमत्कार सिद्ध होत नाही हेही कबूल. एवढंच दिसतं की सांगणारे त्या जागेच्या जवळचे होते.

स्वतःला अडचणीत आणणारी साक्ष

रिकाम्या कबरेच्या पहिल्या साक्षीदार बायका आहेत. त्या काळचा यहूदी इतिहासकार योसेफस लिहितो की बायकांची साक्ष घेऊ नये, त्या उथळ असतात म्हणे. दुसऱ्या शतकातला सेल्सस नावाचा टीकाकार याच मुद्द्यावर ख्रिस्ती लोकांची टर उडवतो की तुमची साक्षीदार कोण तर एक भ्रमिष्ट बाई. लूक स्वतः सांगतो की प्रेषितांनाही त्यांचं बोलणं वायफळ वाटलं. आणि मघाच्या पौलाच्या यादीत बायका नाहीतच! रचायचंच असतं तर पेत्राला नाहीतर येशूला कबरेत ठेवणाऱ्या अरिमथाईकर योसेफाला पाठवलं असतं पहाटे.

याला समोरच्याचं उत्तर असतं, तेही ऐकून घ्या: प्रेताला सुगंधी द्रव्यं लावायला बायका जाणं तेव्हा साहजिक होतं, गोष्ट रचणाराही तसंच रचेल. मुद्द्यात दम आहे. माझ्या मते तरी तराजू बायकांच्या बाजूला झुकतो, पण थोडाच.

आठवण दगा देते, ते लपवू नका

१९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि नंतर वेग विचारला. प्रश्नात "जोरात आदळल्या" असा शब्द वापरला तर सरासरी उत्तर ताशी सुमारे ४० मैल, "एकमेकींना लागल्या" म्हटलं तर सुमारे ३२. फिल्म त्याच होत्या. यालाच आम्ही सूचक प्रश्न म्हणतो, सरतपासणीत त्याला हरकत घेतात ते उगाच नाही. म्हणून वर्गात "यावरून येशू उठला हे सिद्ध होतं ना?" असं विचारू नका, "यात काय दिसतंय?" एवढंच विचारा.

अमेरिकेत साक्षीदाराने चुकीचा माणूस ओळखल्यामुळे कित्येक निरपराध लोक तुरुंगात गेले आणि डीएनए चाचणीने सुटले, हेही खरं आहे. पण ती चूक बहुतेक वेळा अनोळखी माणसाला क्षणभर पाहून ओळखण्याची. पेत्राने येशूबरोबर गावोगाव फिरून, एका ताटात जेवून दिवस काढले होते, त्याने चेहऱ्यात घोळ केला म्हणणं अवघड आहे.

खरा कठीण प्रश्न दुसराच आहे. जवळचं माणूस गेल्यावर ते दिसल्याचा भास अनेकांना होतो, आपल्या घरांतही असे किस्से असतात. शिष्यांचं तसंच झालं नसेल कशावरून? इथे मी दोन नावांवर बोट ठेवतो. एक याकोब, कारण येशूचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते असं योहान ७:५ सांगतो. दुसरा पौल, जो मंडळीचा छळ करत होता, त्याला कसलं आलंय येशूचं दुःख. शिवाय मत्तय २८:१७ मध्ये खुद्द दर्शनाच्या प्रसंगीच "काहींना संशय वाटला" हे वाक्य राहू दिलंय, तिथेही खूण करा.

हे मुद्दे वापरू नका

बारा शहीद, हा माझाच फसलेला मुद्दा. सुरुवातीच्या साक्षीदारांपैकी बऱ्यापैकी आधार आहे तो चौघांना, आणि त्यातले दोघे तर बारांतले नाहीतच: जब्दीचा मुलगा याकोब प्रेषितांची कृत्ये १२ मध्ये, येशूचा भाऊ याकोब योसेफसमध्ये, साल ६२, आणि पेत्र व पौल यांच्याबद्दल पहिल्या शतकाच्या शेवटचं रोमच्या क्लेमेंटचं पत्र. बाकी परंपरा आहे, अगदी आपल्या मद्रासचा थोमासुद्धा. मान ठेवा, पण पुरावा म्हणून पुढे करू नका.

"पाचशे साक्षीदार" हे पाचशे जबाब नाहीत, पाचशे जणांबद्दलचा एकाचा जबाब आहे. मार्क १६:९ ते २० सगळ्यात जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाही, त्यावर काही उभं करू नका. योसेफसचा येशूवरचा मोठा उतारा नंतर कुणीतरी सजवलेला दिसतो, याकोबाचा छोटा उल्लेख जास्त भक्कम. आणि तीस वर्षांपेक्षा जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून आला की कोर्ट खरा मानतं, हा १८७२ च्या पुरावा कायद्यातला (२०२४ पासून त्याच्या जागी नवा साक्ष कायदा आलाय, त्यातही हे आहे) मुद्दा लोक फार आवडीने सांगतात, पण तिथे गृहीत धरतात ती सही आणि अक्षर, आत लिहिलेलं खरं आहे असं नाही. हे मला आमच्या वकीलसाहेबांनी हसत हसत समजावलं तेव्हा कान लाल झाले.

रोमी इतिहासकार टॅसिटस, आणि १९६१ मध्ये कैसरियाला सापडलेला पिलाताच्या नावाचा दगड, हे सांगायला हरकत नाही. त्यांच्याने पिलात आणि येशूला झालेली देहदंडाची शिक्षा पक्की होते. कबर रिकामी होती का यावर ते गप्प आहेत.

मग कुठपर्यंत पोचतो

हा वाद मराठीत नवा नाही. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद चालायचे, लोक ऐकायला जमायचे. तेव्हा समोरचा माणूस हिंदू असो, नास्तिक असो, नाहीतर तुमचाच मुलगा, त्याला जेवढं हातात आहे तेवढंच सांगा. मी जबाबांवरून इथपर्यंत येतो: येशू वधस्तंभावर मेला, थोड्याच दिवसांत त्याच्या माणसांना आणि किमान एका वैऱ्याला तो जिवंत दिसल्याची पक्की खात्री झाली, आणि ती खात्री आपल्यापर्यंत जवळच्या लोकांकडून आली. तो खरंच उठला हे मी मानतो, मनापासून मानतो, पण मानताना "देव असं करतो का" हा प्रश्न मध्ये येतोच आणि त्याचं उत्तर जबाबात नसतं, तो मला प्रार्थनेत सोडवावा लागला. वर्गात मी हे असंच बोलतो.

ती लॉची मुलगी अजून येते. मागच्या रविवारी तिने वहीत पाचवा रकाना आखून आणला होता, लूक २४ मधल्या अम्माऊसच्या वाटेवरच्या दोघांचा. एकाचं नाव क्लयपा दिलंय, दुसऱ्याचं नाहीच. ती म्हणाली, दादा, लूकला एकच नाव मिळालं असेल, की दुसरी त्याची बायको होती? मी समासात प्रश्नचिन्ह काढलं. पुढच्या रविवारी तिथूनच सुरू करणार आहोत.